विंचवाचं बी

तू पयल्यांदा आलास तवा
मी आधी तुजं पाय बघितलं,
तोंड मागनं.
कागलचा गूळवाला म्हनलास, नाव नरसू.
गूळवाल्याच्या टाचंला मळी असती.
तुज्या घोट्याला आतल्या अंगानं
रिकिबीचा घट्टा.

“आवाज न करनारं पायतान पायजे.”
मी रापी खाली ठेवली.
कोल्हापुरात गडी येतो त्यो वाजनारं मागाय.
दोन तळांच्या मधी विंचवाचं बी घालायचं,
मग पेठंच्या ह्या टोकाला पाऊल पडलं
की त्या टोकाला करकर पोचती.
गपचिप चालायचं पैसं मोजनारा
तू एकटाच भेटलास.

“ठेव पाय, माप घेतो,” मी म्हनलो
आनि तू दचकलास.
बाईमानूस, आनि घेतो म्हनती!
कागलचा असतास तर दचकला नसतास.

तितंच वळखलं.
तरी पाय धरला,
भिजल्या कातड्यावर ठेवला,
कोळशानं भवतीनं रेघ वडली.
अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापरास लांब.
असल्या बाईचं नवरा ऐकतो म्हनत्यात.
गड्याचं काय हुतं
कुनी सांगितलं न्हाई.

आमच्यात बायकांनी वेन्या घालायच्या,
तळ गड्यांनी कापायचा.
बा गेला, आरी मी उचलली,
तवापासनं आळीतल्या म्हाताऱ्या
माज्या ओट्यावरनं मान फिरवून जात्यात.
तू मातुर बसायचास,
बाभळीच्या सालीचा वास नाकात घेत,
आरी कुटनं शिरती, कुटनं निघती, बघत.

चार दिसांनी आलास. वादी तुटली म्हनून.
तुटली न्हवती, कापली हुती.
माज्या हातची वादी मला कळत न्हाई व्हय?
मी काय बोललो न्हाई.
दुसरी घातली.
आठवड्यानं परत.

तवा गडकऱ्यांचं बंड पेटलेलं.
तू त्येंच्या चिठ्ठ्या हुडकाय आलेला.
वेशीवर तुजी मानसं पागोटी सोडायची,
खोगीर उसवायची,
बाळंतिनीच्या डब्यात हात घालायची.
चांभारनीच्या हातच्या तळाला
कोन शिवनार?
ज्येला कुनी शिवत न्हाई
ते मी शिवतो.

तुज्याच टाचंत हुत्या, नरसू.
वादी बदलायला दिलंस की तळ उसवायचा,
घडी आत, वरनं मेण.
पन्हाळ्याच्या पायथ्याला रातचा निजायचास,
तितला पोऱ्या चिखल काढतो म्हनून
पायतान घिऊन जायचा.
कंपनीचा हेर
बंडाचा टपाल्या झालेला,
आनि पगार साहेब देत हुता.
मला हसू यायचं.
मग हसू यायचं थांबलं.
रातचं तुज्या पायाची रेघ आठवायची.

मार्गशीर्षात पन्हाळा पडला.
तोफंचा आवाज ब्रह्मपुरीपतोर आला,
हौदातलं पानी हाललं.
त्याच रातीला तू आलास, अनवानी,
पायतान हातात.
टाच उसवलेली. मधी कागद,
घामानं शाई गेलेला.

“कवा कळलं?” मी इचारलो.
“पयली वादी कापली तवाच.”

हेराचं बोलनं.
खरं धरायचं का न्हाई
अजून ठरवलं न्हाई मी.

दिव्याम्होरं बसलास.
वात वर केली तर म्हनलास, नको, दिसतंय.
माजा हात घेतलास, आरीच्या भोकांचा,
आनि एकेका भोकावर बोट ठेवलंस,
मोजल्यागत.
मग म्हनलास,
“आता वाजनारं कर.”

कोंबडं आरडायच्या आत दोन्ही तळ शिवलं.
पंचगंगेच्या अंगाला गेलास.
करकर लई येळ ऐकू आली.

कोन म्हनतं साहेबानं धरला,
कोन म्हनतं घाट उतरून कोकनात गेला.
मी इचारत न्हाई.
दिवेलागनीला पेठंतनं शंभर पायतानं वाजत जात्यात,
मी खाली बघून काम करतो
आनि एकेक आवाज येगळा काढतो.

डाव्यातलं बी जरा मागं सरकवलंय.
तुजं डावं पाऊल
थोडं उशिरा वाजंल.